सतरा नंबरचा हातगुण

बावीस दिवसांनी ताई कामावर परतली, आणि ग्रीनहाऊसच्या दारातूनच तिच्या लक्षात आलं की सतरा नंबर उंच झालाय.

तिला नवल वाटलं नाही. नवल वाटायचं बंद झालं होतं, भूक लागायचीही. जेवायची वेळ झाली की ती जेवत होती, झोपायची वेळ झाली की आडवी होत होती. तिने नुसतं पाहिलं. चार वर्षं जी रोपं बुटकी, जाडजूड, तालमीतल्या पोरांसारखी छाती काढून उभी असायची, ती लांब मानेची होऊन एकमेकांवर रेलली होती. तिने चपला काढून रबरी बूट घातले. डावा उजव्या पायात, उजवा डाव्या. पुन्हा काढले, पुन्हा घातले. मग वही उघडली.

ही ताई म्हणजे संशोधन केंद्रातली मोजणीताई. तिचं नाव हजेरीपटावर होतं, पण ते हाक मारायला कुणी वापरल्याचं तिलाही आठवत नव्हतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठ ते अकरा ती चोवीस जातींची रोपं मोजायची. उंची मोजायची, पानं किती ते मोजायची, शेंड्याकडच्या चार पानांची लांबी-रुंदी मोजायची. चौदा वर्षं हा नेम. सकाळी उठून हात जोडायचे आणि आठाच्या ठोक्याला पट्टी हातात घ्यायची, या दोन गोष्टींत तिने कधी फारसा फरक केला नव्हता. दोन्हीकडे खोटं चालत नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

झाड तसं साधंच. गुडघाभर वाढणारं, फुलाला रूप नाही. पण पानाच्या खालच्या बाजूला बारीक लव असते, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकाचा थेंब असतो, आणि त्या चिकात एक कडूजहर द्रव्य असतं. सांधेदुखीवरचं औषध त्यापासून करतात. अडचण एवढीच, की टोपलीभर पाला आणावा तेव्हा चमचाभर द्रव्य निघतं. ते वाढवायचं म्हणून केंद्राचे प्रमुख अकरा वर्षं या जातीचा त्या जातीशी संकर करत बसले होते. त्यांना सगळे सर म्हणत. सरांना ग्रीनहाऊसमध्ये पाऊल टाकलं की शिंकांचा सपाटा लागे, डोळे सुजत. त्यामुळे अकरा वर्षांत त्यांनी झाडं काचेच्या पलीकडून पाहिली होती आणि आकडे मात्र अगदी जवळून.

चोवीसपैकी तेवीस जाती आपल्या जागी गुमान होत्या. शंभर भाग पाल्यात पॉइंट चार भाग द्रव्य, त्यापुढे जायचं नाव नाही. सतरा नंबर पहिल्या वर्षीच पॉइंट सातवर गेला आणि चारही वर्षं तिथेच राहिला. पहिल्यांदा तो आकडा आला तेव्हा यंत्रावर बसणारा माणूस कागद नाचवतच आला होता. त्याचं सगळं बोलणं दशांशात, म्हणून त्याला सगळे पॉइंट म्हणत.

"ताईंचा हातगुण हो, सर! दुसरं काही नाही."

सर हसले नव्हते. "हातगुण वैद्याला असतो, सुगरणीला असतो," ते म्हणाले होते. "प्रयोगाला हातगुण नसतो. असला, तर तो प्रयोग नव्हे."

ताईला ते वाक्य फार पटलं होतं. घरी जाऊन तिने आईलाही ऐकवलं होतं.

आता पॉइंट दारात येऊन उभा राहिला. आधी त्याने चेहरा पाडला, मग काय बोलावं ते न सुचून टाचेने फरशी घासली.

"ताई, कळलं तेव्हा मला... म्हणजे माझीही आई..."

"हो," ताई म्हणाली. "बरोबर आहे."

बरोबर काय होतं ते दोघांनाही कळलं नाही. पण त्याची सुटका झाली आणि तो मूळ पदावर आला. "बरं झालं बाई आलात. इथे माझं मरण... सॉरी. म्हणजे, सर माझ्यावर भडकलेत. परवाचा नमुना. सतरा नंबर पॉइंट चार तीन."

"किती?"

"चार तीन. यंत्र दोनदा धुतलं, तीनदा चालवलं. ढिम्म. महिन्याभरात समितीची बैठक. सतराला मान्यता मिळायची, दोनशे जणांना कलमं वाटायची, आणि नेमकी आत्ता याने मान टाकलीय. सर म्हणतात, तू मोजणी चुकवलीस, पानं भलतीच तोडलीस. आता तुम्हीच सांगा, शेंड्याकडून तिसरं पान तोडायला काय अक्कल लागते?"

"मोजलंस कसं?"

"फोटो काढून. खाली चौकटीचा कागद धरायचा, फोनवर फोटो, आणि खुर्चीत बसून पडद्यावर मोजायचं. पानाला हातसुद्धा लावला नाही मी. तुमच्यासारखी बोटं चिकट कोण करून घेणार?"

तो गेल्यावर ताईने आपला डावा हात उजेडात धरला. अंगठा आणि पहिलं बोट. चार वर्षांत त्यांच्या पेरांवर चिकाचा पिवळट डाग पडला होता, साबणाने न जाणारा. तो गेला होता. बोटं कुणा परक्या बाईची असावीत तशी स्वच्छ होती.

बाकीच्या तेवीस जातींची पानं सपाट. पट्टी खालून सरकवली की काम झालं. सतरा नंबरचं पान तेवढं दोन्ही कडांनी वळलेलं, पन्हळीसारखं. ते मोजायचं तर डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून, देठापासून टोकापर्यंत हलकेच चोळत उलगडावं लागे. सोडलं की ते परत वळे. लांबीसाठी एकदा, रुंदीसाठी दोनदा, खात्रीसाठी आणखी एकदा. आठवड्यातून तीन दिवस, चार वर्षं. शेंड्याकडून तिसरं पान अठरा-वीस दिवसांत नवं येतं. परवा पॉइंटने तोडलेली पानं तिच्या रजेत जन्मली होती. त्यांना तिचा हात लागलेलाच नव्हता.

हे सगळं तिच्या डोक्यात एका ओळीत येऊन बसलं. शेजारच्या घरात कुणीतरी पाट मांडावेत आणि आवाज आपल्याला ऐकू यावा, तसं.

दुपारी सरांनी बोलावलं. खुर्चीतून अर्धवट उठत ते म्हणाले, "वाईट झालं. पण सुटल्या बिचाऱ्या."

"हो, सर."

"आता तुम्ही आला आहात. आपली नेहमीची मोजणी नेहमीसारखी सुरू करा. त्या पॉइंटच्या फोटोबिटोचं मला सांगू नका. बैठकीच्या आधी शेवटचा नमुना घेऊ, आकडा बघा कसा जागेवर येतो. आणि तुमच्या जागेचं माझ्या लक्षात आहे. सतरा मान्य झाला की पहिलं पत्र तुमच्या कायम होण्याचं."

सरांचं अगदी खरं होतं. ती नेहमीसारखी मोजणी करत राहिली असती, तर तीन आठवड्यांत आकडा जागेवर आला असता. त्यासाठी खोटं लिहायचं नव्हतं, लपवायचं काही नव्हतं. फक्त रोजचं काम करायचं होतं. आणि मग ती कलमं दोनशे माणसांच्या वावरांत जाणार होती, जिथे प्रत्येक पान दोन बोटांत धरून चोळायला कुणाला वेळ नव्हता.

घरी मावशी वाट पाहत होती. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा महिन्याभरासाठी म्हणून आली आणि तीन वर्षं राहिली. आता कुणासाठी राहायचं ते न कळून राहिली होती.

"जेवलीस का तिथे?"

"जेवले."

"काय होतं डब्यात?"

ताईला आठवेना.

"मीच भरला होता गं!" मावशीने कपाळावर हात मारला. "हे बघ पोरी, रडून घे एकदा. लोकांसाठी म्हणत नाही मी. लोक काय, रडलं तर म्हणतात नाटकी, नाही रडलं तर म्हणतात कोरडी. पण कुंडीत पाणी तुंबलं की मुळं कुजतात, हे शहाणपण मला शिकवलं कोणी? तूच ना?"

"येईल तेव्हा येईल, मावशी."

"येईल म्हणे. पाहुणा आहे का तो?"

आईच्या खोलीचं दार उघडं होतं. कामावरून आल्यावर ताई हातपाय धुवायच्या आधी त्या खोलीत जायची. आईचा डावा हात, ज्यात जीव नव्हता, तो मांडीवर घ्यायची आणि एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत चोळायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून सुरुवात केली. डॉक्टरांनी आता उपयोग नाही म्हटल्यावरही सोडलं नाही.

"कळतंय का, आई?"

"नाही गं. चोळ पण."

तीन वर्षं रोज हाच प्रश्न आणि हेच उत्तर. वर आई म्हणायची, "दार वाजायच्या आधी मला कळतं तू आलीस ते. कडू-कडू वास येतो तुझ्या हाताचा." आईची उशी, चादर, खाटेची कड, सगळ्याला तो वास लागला होता. मावशी नाक मुरडायची. "आजाऱ्याची खोली आहे की काढ्याचं दुकान!" आता खाट धुऊन ऊन दाखवून झाली होती. खोलीला फिनेलचा वास होता.

दुसऱ्या दिवशी ताई सातलाच कामावर गेली. तिने नऊ नंबरच्या बारा कुंड्या वेगळ्या काढल्या. नऊ नंबर म्हणजे सगळ्यांत बिचारा. सपाट पानाचा, ना पहिला ना शेवटचा, त्याच्याबद्दल चार वर्षांत कुणी एक वाक्य बोललं नव्हतं. सहा कुंड्यांच्या काठावर तिने लाल दोरा बांधला. लाल दोऱ्याच्या रोपांची शेंड्याकडची चार पानं रोज चोळायची, प्रत्येक पान पाच वेळा. बिनदोऱ्याच्या सहांना बोट लावायचं नाही. सतरा नंबरच्या मात्र निम्म्या रोपांची मोजणी तिने नेहमीसारखी धरली आणि निम्म्यांची पॉइंटसारखी फोटो काढून. बारा कुंड्यांच्या जागा ती दर दोन दिवसांनी चिठ्ठ्या टाकून बदलायची, म्हणजे ऊन-सावलीला दोष द्यायला नको.

तीन आठवडे हे चाललं. तिला उत्सुकता वाटली नाही, भीतीही वाटली नाही. सातला यायचं, चोळायचं, वहीत खूण करायची. दहाव्या दिवशी डावा अंगठा ठणकायला लागला. ठणका तिला दुरून कळत होता. बाराव्या दिवशी लाल दोऱ्याचे नऊ नंबर शेजाऱ्यांपेक्षा बुटके दिसायला लागले, आणि मान जाड. तिने ते लिहून ठेवलं.

बाविसाव्या दिवशी चार पाकिटं पॉइंटच्या टेबलावर ठेवली. वर फक्त क, ख, ग, घ.

"हे काय? बाराखडी शिकवताय होय मला?"

"चालव. कोणतं काय ते मग सांगते."

संध्याकाळी चारला तो कागद घेऊन आला. खुशीत होता. "ताई, जिंकलो! सतरा जागेवर आला. हे बघा, क पॉइंट सहा नऊ, ग पॉइंट सात. दोन्ही सतरा, बरोबर? आणि ख, घ ही कुठली तरी फालतू मंडळी. पॉइंट चार एक, पॉइंट चार दोन."

ताईने वही उघडून त्याच्यापुढे सरकवली. "ग सतरा आहे. क नऊ नंबर."

"नऊ?" तो हसला. "आपला नऊ? तो मुखदुर्बळ?"

"चोळलेला नऊ. घ पण नऊच, न चोळलेला. आणि ख म्हणजे सतरा. हात न लावलेला."

पॉइंटचं हसू हळूहळू उतरलं. त्याने वही वाचली, पुन्हा वाचली, मग दाराकडे बघून आवाज खाली आणला.

"ताई, हे कुणाला दाखवलंत?"

"तुलाच."

"मग मिटवा ही वही. अहो, चार दिवस राहिलेत बैठकीला. सरांची अकरा वर्षं आहेत यात. तुमची जागा आहे. समिती काय पानं चोळून बघणार आहे? आकडा पॉइंट सात आहे आणि तो खरा आहे, यंत्राने दिलाय. तुम्ही खोटं काहीच बोलत नाही."

"आणि ज्यांनी लावलं ते?"

"ते म्हणतील माती वाईट. माती काय बोलायला येणार आहे?"

ताईने त्याच्याकडे पाहिलं. राग यायला हवा होता, आला नाही. पोरगं वाईट नव्हतं. तिच्याच काळजीने बोलत होतं. "माती बोलत नाही," ती म्हणाली, "म्हणून तर आपल्याला पगार आहे." आणि वही उचलून ती सरांच्या खोलीकडे निघाली.

आईची बातमी तिने नातेवाइकांना ज्या आवाजात फोनवरून दिली होती, त्याच आवाजात तिने सरांना सांगितलं. काय झालं, कधी झालं, कसं कळलं. सर ऐकत होते. आधी त्यांच्या चेहऱ्यावर दया आली.

"हे बघा, तुमच्यावर मोठा प्रसंग आला. अशा मनःस्थितीत माणसाला भलतंसलतं..."

"मनाला काही होत नाहीये, सर," ताई म्हणाली. "म्हणून तर आकडे नीट लिहिता आले."

सरांनी वही ओढून घेतली. पानं उलटली. चिठ्ठ्यांची नोंद पाहिली, जागा बदलल्याच्या तारखा पाहिल्या. कुठे तरी चूक सापडावी म्हणून ते बोटाने ओळीओळीतून फिरत होते, आणि बोट कुठेच थांबेना. शेवटच्या पानाशी ते म्हणाले, "म्हणजे सतरा नंबर काहीच नाही?"

"पान वळतं, सर."

"एवढंच?"

"एवढंच."

ते उठले. ताईला वाटलं खिडकीशी जातील, पण ते जिना उतरून थेट ग्रीनहाऊसच्या दारात गेले, खिशातला रुमाल नाकाला लावला आणि आत शिरले. ताई मागोमाग गेली. तीन शिंका झाल्या, चौथी झाली. डोळे पुसत ते सतरा नंबरपाशी थांबले.

"दाखवा कसं ते."

ताईने पान दोन बोटांत धरलं, देठापासून टोकापर्यंत नेलं. पान उलगडलं, सुटलं, परत वळलं. सरांनी दुसरं पान धरलं. त्यांची बोटं आडदांड, ते पान फाटलंच. पुढचं जमलं. त्यांनी बोटं नाकाशी नेली आणि रुमाल बाजूला करून हुंगली.

"असा वास असतो होय याला?" ते म्हणाले.

अकरा वर्षं. ताईला वाटलं, आता यांच्यासाठी तरी मला वाईट वाटावं. तिने थोडा वेळ वाट पाहिली.

"बैठकीला मी पत्र देतो," सर म्हणाले. "सतरा मागे घेतला. अहवाल तुम्ही लिहा. चोळणं लिहा, दोरा लिहा, सगळं लिहा." आणखी एक शिंक आली. "काठीला कापड बांधून ओळीवरून फिरवलं, तर हेच होईल का हो?"

"बघावं लागेल."

"नऊवरच बघा. त्याला काही अहंकार नाही." ते दारापर्यंत गेले आणि वळले. "तुमच्या त्या जागेचं मात्र... आता कोणत्या तोंडाने सांगू वरच्यांना?"

"कळतंय, सर."

"अहवालाला नाव काय द्याल?"

ताईने विचार केला. मोठी नावं पुष्कळ होती, परदेशी मासिकांत छापतात तशी. "पॉइंटने पहिल्या वर्षीच दिलं होतं," ती म्हणाली.

सरांना आठवलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली की शिंक आवरली, ते तिला कळलं नाही.

ती घरी पोचली तेव्हा मावशी आईच्या खोलीत उशीला नवा अभ्रा घालत होती. दाराकडे पाठ होती. चपलांचा आवाज व्हायच्या आतच ती म्हणाली, "आलीस? केवढा वास मारतेय गं! हात धू आधी." आणि मग उशी हातात तशीच धरून थांबली.

ताई खाटेच्या कडेला बसली. नोकरीचं सांगितलं, दोन वाक्यांत. कायम होणार नाही. पुढच्या वर्षी ठेवतील की नाही, तेही ठाऊक नाही.

"का? काय केलंस तू?"

"खरं होतं ते सांगितलं."

"मग गेली तर जाऊ दे चुलीत," मावशी म्हणाली. तिने उशी ठेवली आणि शेजारी टेकली. ताईचा डावा अंगठा सुजून लाल झाला होता, तो आता तिच्या नजरेस पडला. "हे काय करून घेतलंस, बाई?"

मावशीने तो हात मांडीवर ओढला आणि एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत चोळायला लागली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तीन वर्षं दारातून पाहिलं होतं.

"कळतंय का काही?"

ताईने हाताकडे पाहिलं. पेरांवर पिवळट डाग पुन्हा धरायला लागला होता.

"नाही," ती म्हणाली.

मावशीचे हात थांबले.

"चोळ पण," ताई म्हणाली.